पुस्तकाचं बटण

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडे. ती ज्या छोट्या कंपनीत होती तिथे ब्राउझर बनत असे. इंटरनेटवरचं काहीही उघडायचं तर ब्राउझर लागतो, आणि मोठ्या कंपन्यांचे ब्राउझर कॉम्प्युटरबरोबर आयतेच येतात, भाड्याच्या घरात घरमालकाचं जुनं कपाट असावं तसे. या कंपनीचा मात्र लोकांना शोधून, आवर्जून घ्यावा लागे. लोक तो का घेत? हलका म्हणून. दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरही पळतो म्हणून. त्याला हलका ठेवायचं काम कात्रीचं होतं. दर आवृत्तीच्या आधी ती आकडे बघे आणि ज्या सोयी कोणी वापरत नाही त्या काढून टाके. "नको असलेलं सामान घरात ठेवलं की हवं असलेलं सापडत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. नवी आलेली माणसं ते पहिल्याच आठवड्यात शिकत आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या आवाजात म्हणून दाखवत.

गेल्या वर्षी तिने पुस्तकाचं बटण काढलं. त्या बटणावर तिच्या वडिलांचं वाचन चाललं होतं, आणि हे तिला आठ महिन्यांनी कळलं. गोष्ट म्हणाल तर एवढीच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर ती फार स्वस्तात सुटेल, म्हणून नीट सांगायला हवी.

वरच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात, उघड्या पुस्तकाचं एक बारीक चित्र होतं. ते दाबलं की पानावरचा सगळा बाजार उठे. जाहिराती, हलती चित्रं, 'हेही वाचा'ची रांग, सगळं गायब. सायीच्या रंगाच्या कोऱ्या पानावर उरत ती फक्त मोठी काळी अक्षरं, आणि ओळही एवढीच लांब की वाचताना मान हलवावी लागू नये. कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत कुणा हौशी प्रोग्रामरने ते केलं होतं. तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि त्याने काय लिहून ठेवलंय ते आता कुणाला धड उमगत नव्हतं. प्रत्येक आवृत्तीत ते बटण कुठे ना कुठे अडकायचं आणि चांगल्या चांगल्यांचे दोन-दोन दिवस खायचं.

आकडे सांभाळणारा सहकारी होता त्याला सगळे आकडेबुवा म्हणत. त्याने बैठकीत पडद्यावर एक आडवी रेघ दाखवली. रेघ इतकी आखूड होती की आधी कुणाला ती दिसलीच नाही.

"शंभरात एक माणूससुद्धा ते दाबत नाही," तो म्हणाला.

"मग बैठक कशाला हवी?" कात्री म्हणाली.

"एक आहे." आकडेबुवा भिडस्त माणूस. 'एक आहे' म्हणून तो असं काही काढायचा की पुढचा वेळ त्यातच जायचा. "हे आकडे ज्यांनी मोजणी चालू ठेवलीय त्यांचेच आहेत. ज्यांनी ती बंद केलीय ते लोक काय दाबतात आणि काय नाही, ते आपल्याला कळतच नाही."

मोजणी म्हणजे असं, की ब्राउझर बसवताना तो एकदा विचारतो: तुम्ही कोणती बटणं दाबता ते कंपनीला कळवू का? नावगाव नाही, फक्त आकडा. हो म्हणणारे पुष्कळ असतात, कारण कुणी वाचतच नाही. नाही म्हणणारे थोडे; आणि एकदा नाही म्हटलं की तो माणूस कंपनीच्या लेखी जवळजवळ नाहीसाच होतो.

"जे मतदानाला जात नाहीत," कात्री म्हणाली, "त्यांनी निकालाच्या नावानं बोटं मोडू नयेत."

हशा पिकला. आकडेबुवाही हसला. बटण गेलं.

आता दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो बघा. वडिलांच्या कॉम्प्युटरवर हा ब्राउझर कात्रीने स्वतःच्या हाताने बसवला होता, आणि मोजणीचा प्रश्न आला तेव्हा 'नाही' हे उत्तरही तिच्याच बोटाने दिलं होतं. ऑफिसातले सगळेच आपापल्या घरच्यांसाठी असं करत. दुसऱ्यांची माणसं मोजायला हरकत नव्हती, पण आपल्या आईबापांची बटणं कुणी मोजावीत हे कुणालाच रुचत नसे. कुणी म्हणेल, यात पाप काय? पाप नाहीच. पण ती विसरली. बैठकीत मतदानाची कोटी करताना, घरच्या मतदाराचं नाव यादीतून आपणच खोडलंय हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

वडील शाळेत खेळाचे मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांना पंच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना पंचच म्हणे. आयुष्यभर शिव्या खाऊन शांत राहिलेला माणूस. पेनल्टी दिली म्हणून एकदा प्रेक्षकांनी त्यांच्या सायकलीची दोन्ही चाकं काढून नेली होती; ते तशीच सायकल खांद्यावर टाकून घरी आले आणि जेवायला बसले. घरातही त्यांचा एकच कायदा. निर्णय दिला की दिला. नंतर हुज्जत घालायची नाही. लहानपणी कात्रीने चूक केली की तिला शिक्षा होई, पण तिने स्वतः काही ठरवलं, अगदी चुकीचं ठरवलं तरी, ते त्यात कधी पडले नाहीत. "तुझ्या मैदानात तू पंच," म्हणायचे.

मुलगी ब्राउझरच्या कंपनीत लागली आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बाजू घेतली. खेळाचं पान सोडून ते तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचू लागले. कोणत्या मोठ्या कंपनीने कोणती छोटी कंपनी खाल्ली, कुणी कुणाच्या ब्राउझरचं इंजिन उचललं, कुठला फोन खिशात तापतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि बातमीखाली ते प्रतिक्रिया लिहू लागले. तिथे त्यांनी नाव घेतलं होतं 'शिट्टी'. कुणी मुलीच्या ब्राउझरला नावं ठेवली की शिट्टी वाजलीच. लांबलचक प्रतिक्रिया, प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी, सुरुवातीला 'महोदय' आणि शेवटी 'कळावे'. 'महोदय, आपण ज्या दोषाकडे बोट दाखवता तो आपल्या कॉम्प्युटरचा आहे. चेंडूत हवा नसेल तर मैदानाला दोष देऊ नये. कळावे.'

ऑफिसात शिट्टी लोकप्रिय होती. कुणीतरी त्या प्रतिक्रिया छापून चहाच्या यंत्राजवळ लावायचं. हे कोण म्हातारबुवा असतील यावर पैजा लागत. आपले वडील आहेत हे कात्रीने कधी सांगितलं नाही. लाज वाटायची म्हणावं तर तसं नाही, आणि वाटत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. घरी ती एकदा म्हणाली होती, "बाबा, जरा कमी लिहीत जा." ते म्हणाले, "बरं." आणि पुढच्या आठवड्यात तेवढंच लिहिलं.

मग डोळ्यांचं सुरू झालं. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग. जिकडे बघावं तिथेच तो, कडेचं मात्र दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा हळूहळू पसरणार. औषधाने त्याचा वेग कमी होतो, तो थांबत नाही. नजरेच्या कडेने वाचायची सवय करा, अक्षर मोठं ठेवा, आणि जितके दिवस वाचता येतंय तितके दिवस वाचून घ्या. आईने हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतं. कात्रीने विचारलं, "वाचता येतं का त्यांना?" आई म्हणाली, "अगं, दिवसभर तेच चालू असतं." ते ऐकून ती निर्धास्त झाली. कसं वाचतात, हे विचारायचं तिच्या ध्यानात आलं नाही. वडिलांनी ते पुस्तकाचं बटण स्वतःच शोधलं होतं, आणि ते शोधल्याचा आनंद इतका झाला होता की त्यांनी आईला स्वयंपाकघरातून ओले हात पुसत बोलावून दाखवलं होतं.

नवी आवृत्ती आली. ब्राउझर आपला आपण बदलतो, विचारत नाही. एका सकाळी पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात पुस्तक नव्हतं.

तंत्रज्ञानावर लिहिणारा एक दाढीवाला समीक्षक होता. ऑफिसात त्याला सासूबाई म्हणत, कारण त्याला कधीच काही आवडायचं नाही. त्याने या वेळी चक्क कौतुक केलं. 'जाडजूड सॉफ्टवेअरच्या जमान्यात कुणाला तरी पोट आत घेण्याची शुद्ध आहे,' असं लिहिलं. ऑफिसात केक कापला गेला. कात्रीने पहिला तुकडा खाल्ला. समीक्षेखाली काही लोकांनी रडगाणं गायलं होतं, की पुस्तकाचं बटण का काढलं, आम्ही रोज वापरायचो. आणि त्यांच्याखाली, नेहमीप्रमाणे, शिट्टी होती.

'महोदय, ज्यांना बटण हवे होते त्यांनी ते दाबल्याचे कंपनीला दिस ले असतेच. निर्णय आकड् यांवरून घेतला आहे व तो बरोर आहे. पंचाशी हुज्त घालू नये. कळाव'

नेहमी काटेकोर लिहिणाऱ्या शिट्टीच्या अक्षरांची ही दशा बघून सगळे खदखदून हसले.

"शिट्टीबुवांना आज चढलेली दिसतेय," कुणीतरी म्हणालं.

कात्रीसुद्धा हसली. बाबांनी घाईत लिहिलं असेल, एवढंच तिच्या मनात आलं. त्यानंतर शिट्टी वाजली नाही. दोन-तीन महिन्यांनी आकडेबुवाने विचारलं देखील, "आपले शिट्टीबुवा कुठे गेले?" तिने खांदे उडवले. खरं तर तिला हायसं वाटत होतं. बाबांनी अखेर आपलं ऐकलं, असं ती धरून चालली होती. पुढे या हायसं वाटण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

दर आठवड्याला फोन होत होता. वडील बातम्यांवर बोलत, मतं देत, पूर्वीसारखेच वाद घालत. म्हणून संशयाला जागाच नव्हती. उलगडा झाला तो आईमुळे, आणि तोही तिने मुद्दाम केला नाही. आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे. टीव्हीचा रिमोटसुद्धा ती पाहुण्यांच्या हातात द्यायची. तीच आई एकदा फोनवर सहज म्हणाली, "काय गं, ती मोठी कंपनी आता जाहिराती अडवणारी साधनं बंद करणार म्हणे. मग तुमच्याकडे गर्दी वाढेल का?"

कात्री थबकली. "आई, तू हे कधीपासून वाचायला लागलीस?"

"मी कुठली वाचते? मी यांना वाचून दाखवते."

मग आई हळू आवाजात म्हणाली, "बोलले वाटतं मी. तुला सांगू नको म्हणाले होते."

ती सुट्टी टाकून घरी गेली. जेवण झाल्यावर वडील खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आई कॉम्प्युटरसमोर, आणि वाचन सुरू झालं. आईचं वाचन म्हणजे काय सांगावं. ती जाहिरातींसकट वाचायची. कुठे बातमी संपली आणि कुठे गुडघेदुखीचं तेल सुरू झालं ते तिला कळायचं नाही. "सुरक्षेत मोठी त्रुटी आढळली असून ग्राहकांनी त्वरित आजच मागवा, दुसरी बाटली मोफत." वडील मध्येच हात वर करून थांबवत, पंच खेळ थांबवतात तसं, आणि म्हणत, "ते तेल सोड, मागे जा." आई मागे जायची आणि जागा चुकायची. दोघंही एकमेकांवर चिडत नव्हते. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही स्वतः का नाही वाचत, बाबा? अक्षर मोठं करता येतं की."

"केलं होतं करून," वडील म्हणाले. "मोठं केलं की पान बाहेर जातं. ओळीचं शेपूट शोधायला आडवं सरकायचं, आणि परत यावं तर ओळच हरवते. पूर्वी एक पुस्तकाचं बटण होतं." आणि लगेच, जणू मुलीवर काही आळ यायला नको म्हणून, "पण ते काढलं ते बरोबरच केलं. कोण वापरतंय."

"तुम्ही वापरत होतात ना?"

"एका माणसावरून निर्णय होतो का?"

"मला सांगायचं तरी."

"अगं, आयुष्यभर मी लोकांना सांगितलं, पंचाशी हुज्जत नको. आता माझ्यावर पाळी आली म्हणून मी मैदानात धावत येऊ?" ते हसले. "आणि तुझ्या त्या सासूबाईंनी किती छान लिहिलं होतं."

आई मध्येच म्हणाली, "मी तर म्हटलं होतं, दुसऱ्या कंपनीचा घ्या. शेजारच्यांकडे आहे, त्यात असतं म्हणे तसलं बटण. तर म्हणतात कसे, मुलीच्या विरुद्ध संघाचा शर्ट मी घालणार नाही. जन्मभर कुणाची बाजू घेतली नाही आणि म्हातारपणी हे."

कात्री उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली. 'बरोर' हा शब्द तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. दिसत नसताना, चाचपडत, एकेक अक्षर शोधून त्यांनी ते लिहिलं होतं. त्यांच्याच वाचनावर आलेल्या निर्णयाची बाजू घेऊन. आणि ती केक खात हसली होती.

इथवर जे झालं ते नकळत झालं. पण पुढचं तसं म्हणता येणार नाही.

परत गेल्यावर तिला एकच वाक्य बोलायचं होतं. बैठकीत उभं राहून म्हणायचं, माझ्या वडिलांना या बटणावाचून वाचता येत नाही, आणि शिट्टी म्हणजे माझे वडील. ऑफिसात दुष्ट कुणी नव्हतं. ते बटण पुढच्याच किरकोळ दुरुस्तीत, चार दिवसांत परत आलं असतं. पण एका माणसावरून निर्णय होतो का, हे ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सुनावत आली होती. कुणी आपल्या आजीचं किंवा मावशीचं उदाहरण दिलं की ती म्हणायची, "मावशी हा आकडा नाही." आता तिथे उभं राहून बाबांचं नाव घ्यायचं, तर आधी स्वतःचे शब्द गिळावे लागणार होते. तेवढं तिला जमलं नाही. तिने सभ्य वाट काढली. एक पाहणी सुरू केली. ज्यांनी मोजणी बंद ठेवली आहे अशा लोकांच्या ब्राउझरमध्येच प्रश्न दाखवले, उत्तरांची वाट बघितली, आकडेबुवाला त्यांच्या रेघा काढायला लावल्या. रेघा या वेळी चांगल्या लांब आल्या. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे, जे म्हातारे आहेत, ज्यांच्या मुलांनी ब्राउझर बसवताना मोजणीला नाही म्हटलं आहे, असे कितीतरी लोक ते बटण रोज दाबत होते. शंभरात एकसुद्धा नाही, हे खरं होतं. फक्त शंभर चुकीचे होते.

"मी म्हटलं होतं, एक आहे," आकडेबुवा म्हणाला. टोमणा म्हणून नव्हे, आठवलं म्हणून म्हणाला.

बटण नव्याने लिहायचं ठरलं. मोठ्या आवृत्तीबरोबर सोडायचं ठरलं. मोठी आवृत्ती दोनदा पुढे ढकलली गेली. कात्री रोज संध्याकाळी प्रोग्रामरच्या मागे उभी राही आणि तो म्हणे, "एवढी घाई काय आहे? इतके महिने नव्हतं, आणखी दोन महिने नसलं तर कुणाचं काय अडतंय?" ती म्हणे, "काही नाही, सहज."

मध्ये एकदा तिने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. आडून आडून विचारलं, की वाचन चालू राहिलं असतं तर डाग थांबला असता का. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "नाही. डाग त्याच्या गतीनं पसरणारच होता. वाचनाचा त्याच्याशी संबंध नाही." कात्रीने सुटकेचा श्वास टाकला. "पण ते वाचायचे दिवस होते," बाई म्हणाल्या. "म्हणून मी तसं सांगितलं होतं."

बटण आलं त्या दिवशी ती स्वतः घरी गेली. ब्राउझर आपला आपण बदलतोच, जायची गरज नव्हती. पण तिला ते समोर बघायचं होतं. दार आईने उघडलं. वडील पूर्वीपेक्षा सावकाश, भिंतीला बोटं लावून चालत होते. तिने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"बसा इथे, बाबा. एक गंमत आणलीय."

तिने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. आधी सेटिंगमध्ये जाऊन मोजणी चालू केली. म्हणाली, "पूर्वी मी तुमची मोजणी बंद ठेवली होती. आता तुम्ही बटण दाबलंत की आमच्याकडे कळणार."

"म्हणजे माझं मत धरलं जाणार?"

"हो. दर वेळी."

मग तिने त्यांचं बोट धरून माउसवर ठेवलं आणि बाण कोपऱ्यात नेऊन दिला. "दाबा."

त्यांनी दाबलं. घरचं इंटरनेट रखडत चालणारं. जुनं पान नाहीसं झालं आणि सगळा पडदा सायीच्या रंगाचा झाला. कोरा. एक अक्षर नव्हतं. अक्षरं यायला अजून वेळ होता.

"वा," वडील म्हणाले. मान जराशी तिरकी करून ते त्या कोऱ्या पानाकडे बघत होते. "आता कसं. अक्षर बघ केवढं ठसठशीत. हेच हवं होतं."

कात्रीने आईकडे बघितलं. आई टेबलावरची धूळ पदराने पुसायला लागली होती, जिथे धूळ नव्हती तिथली.

मग अक्षरं आली. मोठी, काळी, ओळीत नीट. वडील तसेच, त्याच कौतुकाने बघत राहिले. त्यांच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलायचं हे येताना गाडीत तिने पक्कं केलं होतं, चुकले म्हणायचं होतं, माफ करा म्हणायचं होतं. बैल गेला नि झोपा केला, असं आई नेहमी म्हणायची. तो झोपा किती चांगला झालाय हे सांगून आता काय उपयोग होता. ती एवढंच म्हणाली, "दिसतंय ना नीट?"

"अगदी लख्ख," ते म्हणाले. "तुझ्या आईची सुटका झाली. आता चहा टाक म्हणावं."

त्या दिवशी त्यांनी खूप गप्पा मारल्या. जाताना त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "दिलेला निर्णय पंचानं मागे घेणं फार अवघड असतं. मला एकदाही जमलं नाही. तुला जमलं." हे ऐकायला तिला एरवी किती आवडलं असतं. आता ते तिला सोसवेना. जिन्यावरून ती जवळजवळ पळतच खाली आली.

सासूबाईंनी लिहायचं ते लिहिलंच. 'आज काढा, उद्या घाला, हे सॉफ्टवेअर आहे की कपाट?' खाली शिट्टी नव्हती.

काही दिवसांनी फोनवर आईला तिने विचारलं, "बाबा वापरतात का गं बटण?"

आई म्हणाली, "रोज सकाळी आंघोळ झाली की बसतात. कोपरा हातानं अंदाजानं गाठतात आणि दाबतात. पान बंद करतात, परत उघडतात, परत दाबतात. असं बराच वेळ चालतं. मी म्हटलं, दिसत नाही तर कशाला उगाच. तर म्हणाले, पोरीनं एवढं करून परत आणलंय, तिचा आकडा खाली जायला नको. तुला सांगू नको म्हणालेत. पण मागच्या वेळी सांगितलं नाही तेव्हा काय झालं ते मी बघितलंय."

त्या आठवड्यातल्या बैठकीत आकडेबुवाने पडद्यावर पुस्तकाच्या बटणाची रेघ दाखवली. रेघ वर चालली होती. तो खुशीत होता. भिडस्त माणूस खुशीत आला की जरा मोठ्याने बोलतो तसा बोलत होता. यात एक आहे, असं तो या वेळी म्हणाला नाही.

"बघा," तो म्हणाला, "लोक वाचतायत."

सगळ्यांनी कात्रीकडे बघितलं. सांगायचं तर हीच वेळ होती, आणि आता तर गिळायलाही काही उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "वाचतायत."